भर कशासाठी? वजनासाठी की बळासाठी?

मैत्रिणींनो, लोणच्याचे, डागांचे आणि मुलांच्या अभ्यासाचे प्रश्न आपण या पानावर नेहमीच घेतो. या आठवड्यात मात्र एक वेगळंच पत्र निवडलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावाहून ते आलं आहे. नाव छापू नये अशी विनंती आहे, म्हणून नुसता मजकूर देते.

"ताई, आमचा मासळीच्या बर्फपेट्या तयार करण्याचा लहानसा कारखाना आहे. यजमान आणि धाकटे भावोजी पेट्या करतात, हिशेब मी ठेवते. पेटीच्या दोन भिंतींच्या मध्ये पफ भरतात. त्याचं रसायन फार महाग पडतं. एक विक्रेता सांगतो की त्यात शेकडा दहा खडूची पूड मिसळा, पैसेही वाचतील आणि पेटी दणकटही होईल. सासूबाई म्हणतात, गिरणीत भाताचं तूस ढिगानं पडलेलं आहे, ते घाला. आमच्या पेट्या बाजारात बसणाऱ्या कोळणी घेतात. पेटीने दगा दिला तर दुपारपर्यंत त्यांचा बर्फ जातो, मासळी जाते आणि आमचं नावही जातं. मिसळावं की नाही, तुम्हीच सांगा."

प्रश्न एका कारखान्याचा असला तरी हा पफ तुमच्या-माझ्या घरातही आहे. म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच देते.

पफ म्हणजे काय?

पफ म्हणजे पॉलियुरेथेनचा कडक फोम. आपल्या फ्रीजच्या भिंतींत आणि दारात तो असतो. सोलर बंबाच्या टाकीभोवती, शीतगृहांच्या भिंतींत आणि जेवण गरम ठेवणाऱ्या बऱ्याच डब्यांतही तोच असतो. गादीतला मऊ फोम याच कुळातला, पण त्याची जाळी उघडी असते, त्यामुळे हवा आरपार जाते आणि तो दाबला जातो. पफची जाळी मात्र बंद असते. प्रत्येक भोक म्हणजे एक मिटलेली खोली समजा.

या पदार्थाचा शोध १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी लावला. दोन द्रावणं असतात. एक पॉलिऑल आणि दुसरं गडद तपकिरी रंगाचं आयसोसायनेट. ती एकत्र घोटली की काही सेकंदांत मिश्रण दुधाळ होतं, फसफसून वर येतं आणि थोड्याच मिनिटांत घट्ट होतं. ढोकळ्याचंच उदाहरण घ्या ना! पिठात सोडा पडला की वायू सुटतो, पीठ फुगतं आणि वाफेने ती जाळी जागच्या जागी पक्की होते. पफमध्ये उष्णता बाहेरून द्यावी लागत नाही, दोन द्रावणांच्या संयोगातूनच ती निर्माण होते. एक वाटी द्रावणापासून पंचवीस-तीस वाट्या फोम होतो.

म्हणजे शंभर भागांतले जवळजवळ सत्त्याण्णव भाग नुसता वायू आणि तीन भाग पदार्थ. उष्णता अडवण्याचं काम हा कोंडलेला वायू करतो, तर वजन पेलण्याचं काम जाळीच्या पातळ भिंती करतात. हे दोन्ही वाक्यं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांवरच आहे.

वजन आणि बळ

फ्रीजमध्ये किंवा बर्फपेटीत जो फोम भरतात त्याचं वजन एका घनमीटरला साधारण ३५ ते ४० किलो असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच ठोकळा कापला, म्हणजे एक लिटरचा, तर तो जेमतेम ३५ ते ४० ग्रॅम भरतो. एवढा हलका, पण उष्णता अडवण्यात थर्माकोललाही मागे टाकतो. फोम जितका दाट, तितकं त्याचं बळ वाढतं, आणि ते नुसत्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वेगाने वाढतं. उलटही तितकंच खरं. जाळीचा पदार्थ दहा टक्क्यांनी कमी केला तर बळ दहा नव्हे, पंधरा ते वीस टक्क्यांनी घटतं. पातळ भिंत नुसती दबत नाही, ती वाकते आणि मोडते.

मग दाट फोमच का भरू नये? एक तर महाग पडतो. शिवाय पेटी जड होते आणि पदार्थ वाढला की त्यातून उष्णताही जास्त झिरपते. म्हणूनच जगभरच्या जाणकारांनी वाट शोधली ती अशी, की वजन फारसं न वाढवता जाळीच्या भिंतींनाच आतून आधार द्यायचा. या आधाराच्या पदार्थाला कारखान्यात फिलर म्हणतात. आपण भर म्हणू.

ही रीत आपल्याला नवी नाही

गावाकडची मातीची भिंत आठवा. नुसत्या चिखलाची भिंत वाळली की तडकते. म्हणून त्यात गवताचे तुकडे, तूस, भुसा कालवत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यातही भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे आहेत. तडा जाऊ लागला की धागा त्याला आडवा येतो आणि दोन्ही बाजू धरून ठेवतो.

फोममध्ये हेच काम काचेचे तंतू करतात. जपानमध्ये रेल्वेच्या रुळांखाली लाकडी स्लीपर असत, ते कुजत. तिथे १९८० साली पॉलियुरेथेनच्या फोममध्ये काचेचे लांब तंतू घालून केलेले स्लीपर पहिल्यांदा बसवले. करवतीने कापता येतात, त्यांत खिळा-स्क्रूही बसतो, आणि वरून आगगाडी जाते! अर्थात तो फोम आपल्या पेटीतल्यापेक्षा कितीतरी पट दाट आणि जड असतो.

दुसरं उदाहरण तर पत्र लिहिणाऱ्या आपल्या मैत्रिणीच्या जिल्ह्यातलंच आहे. दाभोळला २०१३ पासून द्रवरूप नैसर्गिक वायूचं बंदर चालू आहे. हा वायू जहाजातून उणे १६२ अंश सेल्सिअसला थंड ठेवून आणावा लागतो. अशा जहाजांच्या टाक्यांच्या एका प्रसिद्ध रचनेत भिंतींमध्ये काचेचे तंतू घातलेला पफच असतो. इतक्या थंडीत साधा फोम आकसतो आणि तडकू शकतो. तंतूंमुळे आकसणं कमी होतं आणि टाकीतल्या हिंदकळणाऱ्या द्रवाचे धक्केही सोसतात.

तेव्हा भर घातल्याने फोम सुधारतो हे खरं आहे. पण कोणतीही भर, कितीही आणि कशीही घातली तर सुधारतो हे मात्र खरं नाही. विक्रेता नेमकं इथेच अर्धं बोलतो.

चांगल्या भरीच्या पाच अटी

पहिली अट, भर चिकटली पाहिजे. जाळीच्या भिंतीत बसलेला कण तिला घट्ट धरून असेल तरच तो आधार होतो. नाहीतर तो भिंतीतला खडा, आणि भिंत फुटते ती तिथूनच. म्हणून कारखान्यांत काचेच्या तंतूंवर आधी सिलेन नावाच्या रसायनाचा हात देतात. ते एका बाजूने काचेला धरतं आणि दुसऱ्या बाजूने फोमला.

दुसरी अट, भर कोरडी पाहिजे. आयसोसायनेटची आणि पाण्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. दमट पूड घातली तर फोम भलताच फुगतो, आयसोसायनेट पाण्यावर खर्ची पडतं आणि पॉलिऑलला पुरत नाही. फोम मग ठिसूळ, चुरा होणारा निघतो. कोकणातल्या पावसाळ्यात मिठाच्या बरणीची काय गत होते ते आपल्याला माहीत आहे. पुडीचंही तेच.

तिसरी अट, भर बारीक पाहिजे. जाळीचं एकेक भोक मिलिमीटरच्या काही दशांशांएवढं, बऱ्याचदा त्याहूनही लहान असतं. त्यात अख्खं तूस म्हणजे मोदकाच्या पारीत नारळाची करवंटी! पारी फाटणारच. उलट अगदी बारीक कण चिमूटभर असले तर फायदा होतो. सोड्याच्या पेल्यात मीठ टाकलं की किती बुडबुडे उठतात? प्रत्येक कणावर एक बुडबुडा जन्म घेतो. फोममध्येही तसंच होतं. बुडबुडे जास्त आणि लहान होतात, जाळी नाजूक आणि एकसारखी पडते, त्यामुळे उष्णताही थोडी जास्त अडते.

चौथी अट, भर बेताची पाहिजे. थोड्या भरीने बळ वाढतं, एका टप्प्यावर थांबतं आणि त्यापुढे घातली की उतरू लागतं. कारण द्रावण दाट होतं, नीट घोटलं जात नाही, कोपऱ्यापर्यंत पोचत नाही आणि कणांच्या गाठी होतात. नॅनो-माती म्हणतात त्या अतिसूक्ष्म मातीच्या पुडीचे प्रयोग झाले आहेत, त्यांत शेकडा एक ते तीन एवढ्यानेच काम भागतं. मीठ चवीपुरतं, तसंच हे.

पाचवी अट, भर सगळीकडे सारखी पाहिजे. खडूची पूड जड असते, ती पिंपात तळाशी बसते. सकाळच्या पेटीत भर नाही आणि संध्याकाळच्या पेटीत गाळच गाळ, असं होतं. म्हणून भर नेहमी पॉलिऑलमध्ये घालायची, आयसोसायनेटमध्ये कधीच नाही, आणि दरवेळी तळापासून ढवळून घ्यायची.

फोम सगळीकडे सारखा नसला तर काय होऊ शकतं, याचं एक दुःखद उदाहरण साऱ्या जगाने पाहिलं आहे. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं तेव्हा बाहेरच्या इंधनटाकीवरच्या पॉलियुरेथेन फोमचा पाऊण किलोच्या आसपासचा एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं. आपल्या कल्पना चावला आणि त्यांचे सहा सोबती गेले. टाकीच्या त्या भागावर फोम हाताने फवारून चढवत. पुढे चौकशीत तशाच भागांचा फोम कापून पाहिला, तर आत पोकळ्या आणि नीट न जुळलेले थर आढळले. तिथे प्रश्न भरीचा नव्हता, पण धडा आपल्यालाही लागू आहे. वरून गुळगुळीत दिसणारा फोम आतून कसा आहे, हे कापल्याखेरीज कळत नाही.

खडूचा हिशेब

आता वही-पेन्सिल घ्या. समजा एका पेटीच्या भिंतींत ५० लिटर जागा भरायची आहे. लिटरला ४० ग्रॅम धरले तर २ किलो रसायन लागेल. विक्रेत्याच्या सांगण्यावरून त्यातलं २०० ग्रॅम रसायन काढलं आणि २०० ग्रॅम खडूची पूड घातली. तराजूवर पेटी तेवढीच भरते. पण खडू जड असल्यामुळे २०० ग्रॅम खडू जागा किती व्यापतो? जेमतेम एक लहान वाटी. आणि तो स्वतः फुगत नाही! म्हणजे ती ५० लिटर जागा उरलेल्या १८०० ग्रॅम रसायनालाच भरायची आहे. जाळीच्या भिंती दहा टक्क्यांनी पातळ झाल्या. बळ किती घटलं ते मघाशी पाहिलंच, पंधरा ते वीस टक्के. खडूला फोम फारसा चिकटत नाही, तेव्हा तो ही तूट भरून काढील अशी आशा नको.

बरं, बळ कायम ठेवायचं म्हणून पूर्ण २ किलो रसायन घालून वर २०० ग्रॅम खडू घातला, तर वाचलं काय? काहीच नाही. पेटी मात्र २०० ग्रॅमने जड झाली. म्हणजे एकाच खडूने पैसेही वाचवायचे आणि बळही वाढवायचं, हे दोन्ही साधत नाही. हातात घेतल्यावर पेटी भारदस्त वाटते खरी. दुधात पाणी घातलं की निदान दूध पातळ तरी दिसतं, इथे मात्र उलट, भेसळ केल्याने माल जड लागतो! म्हणून फसायला होतं.

सासूबाईंच्या तुसाचं काय?

सासूबाईंचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही हं. तूस, लाकडाचा भुसा, काथ्या यांच्यावर देशोदेशी प्रयोग झालेले आहेत. या पदार्थांच्या अंगी आयसोसायनेटशी संयोग पावणारे घटक असतात, त्यामुळे ते चिकटण्याची शक्यता असते. पण गिरणीतलं तूस उचललं आणि पिंपात ओतलं, असं चालणार नाही. तुसाची बाहेरची बाजू वाळूच्या जातीच्या सिलिकाने गुळगुळीत झालेली असते, तिला काही नीट चिकटत नाही. ते दळून बारीक करायला हवं, मैद्याच्या चाळणीने चाळायला हवं, आणि वजन घटायचं थांबेपर्यंत भट्टीत वाळवून लगेच हवाबंद डब्यात भरायला हवं. आधी शेकडा दोनपासून सुरुवात करायची, आणि तीही विकायच्या पेटीत नाही, नमुन्याच्या ठोकळ्यात. दळण्याचा, वाळवण्याचा आणि विजेचा खर्च वहीत मांडा. फुकटचं तूस तेव्हा फुकट राहत नाही.

तुसाची राख घालायचा मोह झाला तर आणखी एक गोष्ट. त्या राखेत मुख्यतः सिलिका असते. तिची बारीक धूळ श्वासावाटे जाणं फुप्फुसांना घातक आहे. धूळ उडेल असं काम तोंडाला योग्य मास्क बांधल्याशिवाय करू नये. काचेच्या तंतूंनीही हाताला खाज सुटते आणि डोळे चुरचुरतात.

पैशापेक्षा मोठं काही

पत्रात हा प्रश्न विचारलेला नाही, पण मला सांगितल्यावाचून राहवत नाही. आयसोसायनेटच्या वाफेने दमा लागू शकतो. आणि एकदा का शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोडी वाफही श्वास कोंडायला पुरते. म्हणून यजमान आणि भावोजी काम करतात ती जागा मोकळ्या हवेची असावी, हातमोजे आणि चश्मा असावा, आणि रसायनाच्या वाफेसाठीचा डबीवाला मास्क असावा. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. मुलांना तिथे खेळू देऊ नये. कुणाला रात्री खोकला, छातीत घरघर सुरू झाली तर ऋतुमानावर ढकलू नका. डॉक्टरांना काम काय करतो ते आवर्जून सांगा.

दुसरी भीती आगीची. पफ पेटतो आणि पेटला की झपाट्याने पसरतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि हायड्रोजन सायनाइडही असतं, म्हणजे जीवघेणं विष. जवळपास वेल्डिंग नको, विडी-काडी नको. उरलेले तुकडे बंबात किंवा चुलीत घालण्याची सवय काही घरांत असते, ती आजच बंद करा. आणि नवा फोम एकदम फार जाड ओतू नका, आतली उष्णता बाहेर पडायला वाव न मिळाल्याने गाभा करपतो, कधी पेटही घेतो. खडू किंवा तूस घातलं म्हणजे फोम जळणार नाही, असंही नाही. आगीला आळा घालणाऱ्या भरी वेगळ्या असतात, उदाहरणार्थ तापल्यावर फुलणारं ग्रॅफाइट. रसायन देणाऱ्याकडून याची माहिती लेखी मागून घ्या.

त्याच्याकडे आणखी एक चौकशी करा, फुगवणारा वायू कोणता? पूर्वी यासाठी सी.एफ.सी. वापरत. त्याने पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला इजा होते, म्हणून १९८७ साली माँट्रियल इथे करार झाला आणि १९९२ मध्ये भारतही त्यात सामील झाला. त्याच्या जागी आलेलं एच.सी.एफ.सी. १४१-बी हेही आपल्या देशात १ जानेवारी २०२० पासून बंद झालं आहे. जुना साठा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये.

पाच पारखी

फोम करण्याचं काम कारखान्यातच, नीट काळजी घेऊन करावं. पण तयार, थंड झालेल्या फोमची पारख हिशेब ठेवणारी गृहिणीही करू शकते. साधा फोम आणि भरीचा फोम, दोन्हींचे प्रत्येकी तीन-तीन नमुने घ्या आणि दोन दिवस तसेच ठेवून मग तपासा.

१. तोला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा कापून स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर ठेवा. तिन्ही नमुन्यांत फार फरक असेल तर ढवळणं कमी पडतं आहे.

२. कापा. धारदार सुरीने काप काढून उजेडात धरा. जाळी बारीक आणि एकसारखी हवी. मोठी भोकं, पुडीच्या गाठी किंवा करपलेला गाभा दिसला तर तो नमुना बाद. पेटीच्या कोपऱ्यातला तुकडा कापून बघायला विसरू नका.

३. दाबा. तीन-तीन सेंटिमीटरचे ठोकळे दोन फळ्यांच्या मध्ये ठेवून वजनं चढवत जा. कोणता आधी बसतो ते लिहा. एक गोष्ट मात्र सांभाळा. फोम ज्या दिशेने वर चढला त्या दिशेला तो जास्त बळकट असतो, म्हणून सगळे ठोकळे एकाच बाजूने ठेवा.

४. बुडवा. ठोकळा तोलून, वर दगड ठेवून एक दिवस पाण्यात बुडवा. मग पुसून पुन्हा तोला. वजन जास्त वाढलं तर जाळी फुटलेली आहे. असा फोम पेटीत पाणी पितो, जड होतो आणि थंडावा राखत नाही.

५. बर्फ ठेवा. एका मापाच्या दोन पेट्यांत पाच-पाच किलो बर्फ घालून दोन्ही एकाच सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी वितळलेलं पाणी मोजा. कोळणीला जाळी-बिळी काही ठाऊक नसतं, तिची परीक्षा हीच!

तर मग उत्तर काय?

बाई, खडूची पूड घालू नका. तुसाचा प्रयोग करायचा तर नमुन्यांवर करा, आणि पाचही पारखींत साध्या फोमच्या बरोबरीला उतरलं तरच पुढे जा. पेटी मोडते कुठे, तेही आधी बघा. बहुधा बिजागरीपाशी, कोपऱ्यांना आणि झाकणाच्या कडेला. तिथे सगळा फोम बळकट करून उपयोग नाही. बाहेरच्या भिंतीला त्या जागी काचतंतूचा एक जादा थर द्या किंवा बिजागरीखाली आतून फळी बसवा. जिथे भार येतो तिथेच आधार, हे काम स्वस्तही पडतं. आणि पैसे वाचवायचे तर ते पुडीत शोधू नका. दोन्ही द्रावणं तोलून घेणं, सांगितलेल्या तापमानाला वापरणं, जास्त ओतून साच्याबाहेर वाया जाणारा फोम कमी करणं, यातून वाचतील. रोज किती रसायन आलं, किती पेट्या झाल्या आणि किती तुकडे टाकले, या तीन रकान्यांची वही महिनाभर ठेवा. गळती कुठे आहे ते ती वहीच सांगेल.

सासूबाईंना मात्र नाराज करू नका. तूस वाळवून तोलायचं काम त्यांच्या देखरेखीखाली होऊ दे. आणि पाच पारखींचा निकाल आम्हाला जरूर कळवा, वाचक मैत्रिणींसाठी छापू.

आपल्या घरातल्या पफची निगा

फ्रीजमधला बर्फ सुरीने खरवडू नका. आतलं अस्तर फुटलं की ओल पफमध्ये शिरते, शिवाय वायूची नळी फुटायचीही भीती असते.

फ्रीजच्या अंगाला खिळा किंवा स्क्रू मारून हूक लावू नका. चिकटणारा हूक लावा.

फ्रीजची एखादीच बाजू बाहेरून सतत घामेजत असेल तर आधी दाराचं रबर तपासा. कागदाची पट्टी दारात धरून ओढा, सहज निघाली तर रबर सैल आहे. रबर ठीक असेल तर आतला पफ ओला झालेला असू शकतो, कारागिराला दाखवा.

बर्फपेटी धुतल्यावर झाकण उघडं ठेवून सावलीत वाळवा. तडा गेला असेल तर लगेच बुजवा. आणि पेटीचं बसण्यासाठी स्टूल करू नका.

नवी पेटी घेताना जड ती चांगली, असं समजू नका. झाकण घट्ट बसतं का, कडा सांधलेल्या आहेत का, आणि भिंतीवर टिचकी मारली की सगळीकडे सारखाच आवाज येतो का, ते पाहा. कुठे पोकळ वाजली तर दुकानदाराला सरळ सांगा, दुसरी दाखवा म्हणून.